दीपाचं वजन घटता कामा नये

मेजर ममता मुनेश्वर यांना काश्मीरला निघायचा हुकूम आला तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या, धम्मरत्नच्या, पोटात गोळा आला. तो बायकोच्या काळजीनं आला असं समजून शेजारच्या सुहासिनीताईंनी त्याला धीर दिला, पाणी दिलं आणि पाण्याबरोबर गूळही दिला. धम्मरत्ननं गूळ खाल्ला आणि गैरसमज तसाच राहू दिला. खरी गोष्ट अशी, की ममताची काळजी करायची कोणाला सवयच नव्हती. लष्करी दवाखान्यात नर्स म्हणून तिची बारा वर्षं झाली होती, भूकंपातल्या जखमींना सांभाळायला ती चालली होती, आणि घरातलं कुकरचं झाकणसुद्धा तिच्या हातून एका झटक्यात निमूट लागायचं. धम्मरत्नची भीती त्या झाकणाबद्दल होती.

ममता पुलगावला होती तोवर यवतमाळच्या घराचं गाडं बरं चाललं होतं. पाच दिवस खानावळवाल्या हंसाबाईंचा डबा यायचा, शनिवारी-रविवारी ममता स्वतः यायची. पण त्या श्रावणात आठ वर्षांच्या दीपाला कावीळ झाली आणि पोरीच्या बरगड्या मोजता यायला लागल्या. दोष डब्याचा होता की शाळेबाहेरच्या बर्फाच्या गोळ्याचा, हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. शिक्षा मात्र डब्याला झाली. तो बंद झाला, ममता रजा काढून घरी आली, आणि दीड महिन्यात तिचा हुकूम आला.

धामणगावच्या स्टेशनवर गाडी यायला अकरा मिनिटं होती. तेवढ्या वेळात ममतानं सहा महिन्यांच्या सूचना दिल्या.

"रात्रीचं जेवण घरचंच पाहिजे," ती म्हणाली. "दुपारी शाळेत खिचडी भेटते, ते जाऊ द्या. पण रात्री तिघं एका जागी बसून ताजं जेवा. अन् दीपाचं वजन घटता कामा नये. कावीळ झालेल्या लेकराले वजनावरूनच पाहावं लागते."

"तू काही टेन्शन घेऊ नको," धम्मरत्न म्हणाला. पुढं काय वाढून ठेवलं आहे याची काडीइतकी कल्पना नसली, की माणसाच्या तोंडून हे वाक्य फार ठामपणे निघतं.

आता धम्मरत्न काही अडाणी माणूस नव्हता. तो कापसाचा ग्रेडर होता. शेतकऱ्याची गाडी खरेदी केंद्रावर आली की गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर कापूस बाहेर काढायचा, दाबून ओलावा बघायचा, चिमटीत ओढून धाग्याची लांबी बघायची आणि निकाल द्यायचा, की हा सुपर, हा फेअर, आणि ही गाडी वळवा. अठरा वर्षं त्यानं हे काम केलं होतं. त्या हंगामात मात्र भाव पडलेले, सरकारी बोनस गेलेला, आणि नेरच्या केंद्रावर गाड्याच फिरकेनात. गावोगाव काळजीचे दिवस होते. ग्रेडर मंडळी रिकाम्या आवारात खुर्च्या उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात सरकवत बसायची आणि चारच्या एसटीनं घरी यायची. तेव्हा स्वयंपाकाला वेळ नाही, ही एकुलती एक इज्जतदार सबबही धम्मरत्नच्या हातातून गेली.

पहिल्या रात्री खिचडी करायचं ठरलं. खिचडीला कुकरच्या किती शिट्ट्या, यावर त्या गल्लीत एकमत नाही, हे त्याला त्या रात्री कळलं. सुहासिनीताईंच्या मते तीन. त्यांचे यजमान वामनराव तहसील कचेरीतून सेवानिवृत्त झालेले. त्यांच्या मते पाच, कारण तीन शिट्ट्यांत डाळ विचाराधीन राहते. धम्मरत्नचे वडील उकंडाजी, म्हणजे दीपाचे आबा, म्हणाले, "शिजेपर्यंत." धम्मरत्ननं मधला मार्ग काढून चार ठरवल्या. दुसऱ्या शिट्टीला फोन वाजला आणि तो हिशेब विसरला. मग भिंतीपलीकडून सुहासिनीताई ओरडल्या, "भाऊ, तीन झाल्या, करा बंद!" आणि त्यांच्यामागून वामनराव ओरडले, "बंद करू नका, दोन शिल्लक आहेत!" नवरा-बायकोचा हा वाद मिटेपर्यंत धम्मरत्न गॅसच्या बटणावर हात ठेवून उभा राहिला. झाकण उघडलं तेव्हा खाली कोळसा होता, वर कच्ची डाळ होती आणि मधे बोटभर थर खिचडीचा होता. तो थर दीपाला वाढला.

"मस्त झाली," आबा कोळशाच्या भागातून घास घेत म्हणाले. आबांच्या तोंडात दात नव्हते आणि तक्रारही नव्हती. ताटात काहीही पडलं तरी ते मस्तच म्हणत. ग्रेडर माणसाला असल्या शेऱ्याचा काय उपयोग? येईल त्या गाडीला सुपर म्हणणारा माणूस केंद्रावर एक दिवस टिकला नसता.

दीपानं तीन घास खाल्ले आणि भूक नाही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ज्वारीची भाकर. इथं आपला हात चालेल असं धम्मरत्नला वाटत होतं, कारण पीठ मळणं म्हणजे शेवटी ओलाव्याचाच प्रश्न. त्यानं गोळा मुठीत दाबला, मूठ उघडून उजेडात बघितली आणि ओलावा जास्त असल्याचा निर्णय दिला. पीठ टाकलं. पुन्हा दाबला, तर ओलावा कमी. पाणी टाकलं. प्रतवारी इतकी काटेकोर झाली की तिघांसाठी घेतलेल्या पिठाच्या अकरा भाकरी निघाल्या. दीपानं भाकर ताटाच्या काठावर आपटून बघितली.

"पप्पा, तुमची भाकर वाजते."

"वाजली म्हणजे चांगली भाजली," तो म्हणाला.

"मडकं पण तसंच वाजवून पाहाते," दीपा म्हणाली. हे तिनं चेष्टेनं म्हटलं नव्हतं, आणि त्यामुळंच ते त्याला जास्त लागलं.

असे आठ दिवस गेले आणि नवव्या दिवशी वरणाला उकळी येता येता गॅस संपला. गॅसचं कनेक्शन ममताच्या नावावर होतं. नंबर लावायला एजन्सीत गेल्यावर खिडकीतला बाबू म्हणाला, "पुस्तकाची मुदत संपली. ग्राहकाची सही पाहिजे. बाईंनाच पाठवा."

"बाई काश्मिरात आहेत."

"मग आल्यावर पाठवा."

"त्या सैन्यात आहेत. सहा महिने यायच्या नाहीत."

"तवरोक काय जेवणार नाही का तुम्ही?" बाबूनं विचारलं, जणू या प्रश्नाचं उत्तर धम्मरत्नच्याच हातात होतं.

वामनरावांना ही हकीकत सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. त्यांनी चष्मा पुसला, कोरा ताव काढला आणि वर लिहिलं, 'विषय : पत्नी सीमेवर असल्याने सिलिंडर मिळणेबाबत.' पत्नी सीमेवर नसून दवाखान्यात आहे, हे धम्मरत्ननं सांगून बघितलं. "दवाखान्याला वजन नाही," वामनराव म्हणाले, "सीमाच राहू द्या." या अर्जाला जोड म्हणून सैनिकांच्या कुटुंबांचं काम बघणाऱ्या एका कचेरीतून दाखला आणायचा होता. तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि छापील फॉर्म पुढं केला. फॉर्मवर 'सैनिकाच्या पत्नीचे नाव' असा रकाना होता. धम्मरत्ननं 'पत्नी' खोडून 'पती' लिहिलं. कारकून हळहळला.

"साहेब, खाडाखोड चालत नाही न. नवा फॉर्म घ्या. जसं छापलं हाय तसंच भरा, काम लवकर होऊन जाईल."

काम खरंच लवकर झालं. तीन दिवसांत दाखला मिळाला, की श्रीमती धम्मरत्न उकंडा मुनेश्वर या सेवेत असलेल्या सैनिकाच्या पत्नी असून त्यांना योग्य ते सहकार्य व्हावे. हा कागद धम्मरत्ननं आठ घड्या घालून आतल्या खिशात ठेवला. एजन्सीतल्या बाबूनं तो आठही घड्या उलगडून सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा वाचला. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं धम्मरत्नच्या मिश्यांकडं बघितलं, मग कागदाकडं बघितलं आणि सहानुभूतीनं त्याला पुढं जाऊ दिलं. सिलिंडर मात्र पुढच्या महिन्यात येणार होता. तोवर आबांनी माळ्यावरून घासलेटचा स्टोव्ह काढला. स्टोव्ह पेटायचा, पण ज्या पदार्थाला हात लावील त्याला आपला वास देऊन मोकळा व्हायचा. वरणाला घासलेट, भाताला घासलेट. एकदा तर न शिजवलेल्या काकडीच्या कोशिंबिरीलाही घासलेट आलं, ते कसं हे आजवर कळलेलं नाही.

आणि नेमक्या त्या घासलेटच्या दिवसांत घाटंजीहून कांताबाई आली.

कांताबाई म्हणजे धम्मरत्नची सासू, ममताची आई. चार एकर कोरडवाहू कापूस एकटीनं करून तिनं मुलीला नर्स केलं होतं. तिची आणि धम्मरत्नची पहिली भेट लग्नाच्या बैठकीत झालेली नव्हती. त्याच्या आदल्या हंगामात घाटंजीच्या केंद्रावर कांताबाईची गाडी आली, आणि तेव्हाच्या तरण्या ग्रेडरनं कोपरापर्यंत हात घालून सगळ्यांदेखत सांगितलं, की कापूस ओला आहे, पाणी मारलेलं आहे, गाडी वळवा. पाणी मारलेलं होतंच. त्या सालात कोण मारत नव्हतं? पण सांगितलं ते सगळ्यांदेखत. पुढं त्याच ग्रेडरचं स्थळ आलं, मुलगा चांगला निघाला आणि कांताबाईनं मुलगी दिली. मुलगी दिली, माफी दिली नव्हती.

दारातच तिनं नाकाला पदर लावला. मग दीपाला जवळ घेऊन दंड चाचपला, पाठीवरून हात फिरवला आणि पिशवीतून लोंबता काटा काढला. वेचणीच्या बायांचा कापूस संध्याकाळी ज्यावर मोजतात, तो. ओसरीतल्या झोक्याच्या कडीला तिनं काटा अडकवला, खाली लुगड्याची झोळी बांधली आणि नातीला तिच्यात बसवलं. झोळीतून दोन पाय बाहेर लोंबत होते. काटा साडेएकवीस किलोवर थांबला.

"ममता गेली तवा किती होतं?"

"बावीस," धम्मरत्न म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही, आणि कपाटावर ममतानं लावलेला वजनाचा तक्ताही समोरच होता.

"जवाई, तुमी मानूस वाईट नाई," कांताबाई काट्याची दोरी सोडत म्हणाली, "पन लेकराले घासलेट खाऊ घालून राह्यले. मी इथं राहू शकत नाई, तिकडं माह्या वावरात वेचनी चालू हाय. एक महिना देतो तुमाले. महिन्यानं येतो अन् याच काट्यावर मोजतो. याच्या खाली गेली तर घाटंजीले नेतो. तिच्या मायले मी सांगीन काय सांगायचं ते."

त्या रात्री धम्मरत्नला जेवण गेलं नाही, आणि या वेळी त्याचा दोष स्टोव्हवर नव्हता. घरातून बायको सहा महिन्यांसाठी गेली होती, ते त्यानं सोसलं. पण संध्याकाळी चारच्या एसटीनं यावं आणि ओसरीत दीपा नसावी, हे त्याच्यानं मनातही आणवेना.

मग त्यानं जिद्दीला पेटायचं ठरवलं, आणि जिद्दीला पेटलेल्या माणसाला जे सगळ्यात आधी मिळतं ते त्याला मिळालं, म्हणजे सल्ले. सुहासिनीताई म्हणाल्या, रोज दोन केळी द्या. वामनराव म्हणाले, केळ्यानं कफ होतो, अंजीर द्या. किराणा दुकानदार हिरासिंग म्हणाला, साहेब, शेंगदाण्याचा लाडू द्या, आमच्या तांड्यावरचे पोट्टे पाहा कसे आहेत. नेरच्या केंद्रावर एका सहकाऱ्यानं सांगितलं की पोरीला सरकी लावा, आणि मग आठवून म्हणाला की ते म्हशीचं झालं. धम्मरत्ननं सरकी सोडून सगळं आणलं. दीपानं एक दिवस केळी खाल्ली, एक दिवस लाडू खाल्ला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाली, "पप्पा, साधं वरण करा न. पण मीठ टाका. काल विसरले तुम्ही."

त्यानं मीठ टाकलं. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, जास्त झालं. त्यानं कमी केलं. सिलिंडर आला, घासलेटचा वास गेला. सुहासिनीताईंनी ओट्याशी उभं राहून भाकर थापायला शिकवली आणि पीठ मुठीत दाबून उजेडात बघायची सक्त मनाई केली. भाकर वाजायची थांबली नाही, पण आवाज खाली आला. जिल्ह्यात कुठं नसेल इतका तपशीलवार शेरा दीपा रोज जेवताना द्यायची आणि तो ते ऐकून दुसऱ्या दिवशी तसं करायचा. मधेच टपालानं श्रीमती धम्मरत्न मुनेश्वर यांना सैनिकपत्नींच्या हळदीकुंकवाचं निमंत्रणही आलं. नटून यावे, अशी त्यात विनंती होती. आबांनी ते काचेच्या कपाटात लावलं.

रविवारी रात्री आठला ममताचा फोन यायचा. "सगळं ठीक?" ती विचारायची. "एकदम ठीक," तो सांगायचा. काट्याबद्दल त्यानं एक अक्षर काढलं नाही. तिकडं ती दिवसाचे सोळा-सोळा तास जखमी माणसं सांभाळत होती. तिला घरचं वजन कशाला सांगायचं?

महिना भरत आला तसा त्याचा धीर सुटला. घरात काटा नव्हता, डोळ्यांनीच मोजायचं, आणि ग्रेडरच्या डोळ्यांना रोज संध्याकाळी दीपा कालच्यापेक्षा बारीक दिसायला लागली. ठरलेल्या रविवारी दुपारी तीन वाजता तो मोरीपाशी उभा होता. कांताबाई साडेचारच्या एसटीनं येणार होती. समोर ताकाचं पातेलं होतं. एक लिटर पाण्याचं वजन एक किलो भरतं, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. अठरा वर्षं त्यानं हेच तर पकडलं होतं. गाडीवाल्याचा पडलेला चेहरा, कापसाच्या खालच्या थरात मारलेलं पाणी, 'साहेब, एवढ्या वेळेस जाऊ द्या' ही विनवणी, सगळं त्याला आठवलं. लाज वाटली. खरी वाटली. आणि मग त्यानं ताक गाळून गिलासात ओतलं.

"दीपा, ताक पितेस का, बाळा?"

दीपानं गिलासाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि एका दमात प्यायली. दुसराही प्यायली. दोनावर थांबायचं त्यानं ठरवलं होतं, पण ती स्वतःच गिलास पुढं करून म्हणाली, "अजून द्या." असं गुणी लेकरू कोणाच्या नशिबी असतं, असं मनात म्हणत त्यानं तिसरा भरला.

पाच वाजता ओसरीत काटा टांगला गेला. गल्लीतले पाचपंचवीस लोक गोळा झाले होते. वामनराव खुर्ची आणि वही घेऊन पंच म्हणून बसले होते, त्यांना कोणी नेमलेलं नव्हतं. दीपा झोळीत बसली. काटा हलला, डुलला आणि बावीसच्या पुढं जाऊन सव्वाबावीसवर थांबला.

"पाऊण किलो वाढ!" वामनराव उभे राहून म्हणाले. सुहासिनीताईंनी टाळी वाजवली. आबा म्हणाले, "मस्त."

कांताबाई झोळीजवळ गेली, कपड्यावरून नातीच्या पोटावर हात ठेवला आणि हलकेच दाबला. पोटातून 'डुबुक' असा आवाज आला. तो पहिल्या रांगेपर्यंत स्पष्ट ऐकू गेला.

"आजी, दाबू नको!" दीपा झोळीतून ओरडली. "मले जोराची लागली!"

कांताबाई जावयाकडं वळली. "जवाईबापू, माह्या गाडीत हात घातला होता तुमी. तवा काय म्हनले होते?"

धम्मरत्नची मान खाली गेली. "ओला आहे म्हटलं होतं," तो म्हणाला.

"मंग हे काय हाय?"

"ओलंच आहे," तो म्हणाला. "तीन गिलास ताक आहे."

दीपाला उतरवलं. ती पळाली. सगळे तासभर थांबले. सुहासिनीताईंनी चहा केला, दीपा आणखी दोनदा पळाली, आणि पुन्हा मोजणी झाली. काटा साडेएकवीसवर उभा राहिला. महिन्यापूर्वी जितका होता तितकाच, ना इकडं ना तिकडं.

"घटलं तर नाही," वामनराव वही बघत म्हणाले. "अटीप्रमाणे..."

"भाऊ, पानी मारलेल्या गाडीचं वजन कोनी धरत नाई," कांताबाई म्हणाली. "गाडी वापस जाते. हा नियम माहा नोहे, जवायाचा हाय." आणि ती आत जाऊन कपाटातून दीपाचे फ्रॉक काढून पिशवीत भरायला लागली. धम्मरत्न दाराशी उभा होता. नियम खरंच त्याचा होता आणि तो त्यानं दहा वर्षांपूर्वी अगदी बरोबर लावला होता.

दीपानं पिशवीचा बंद धरला. "आजी, पप्पानं दोनच देल्ले. तिसरा मी मांगला."

"तू मांगला?" कांताबाईचा हात थांबला. "तू तं ताक पाहून उलटी करते. माह्याकडं आली तं ताकाच्या गंजाजवळ फिरकत नाई."

"हो."

"मंग काहून पेली?"

"मले समजलं होतं न, पप्पा काहून देऊन राह्यले ते," दीपा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. "मले घाटंजीले नाही जायचं. मले इथं राहायचं हाय."

धम्मरत्नला हे माहीत नव्हतं. पोरीला ताक आवडत नाही, हेही माहीत नव्हतं आणि ती सगळं समजून प्यायली, हेही माहीत नव्हतं. तो उंबऱ्यावर बसला.

कांताबाईनं पिशवी खाली ठेवली. "बापाची भाकर वाजते म्हनत होती तू."

"वाजते. पण ते मले रोज इचारते, कशी झाली म्हणून. अन् मी सांगितलं की दुसऱ्या दिवशी नीट करते. अन् आबा, पप्पा अन् मी रोज सोबत जेवतो, मम्मीनं सांगितलं तसं. मी गेली तं पप्पाले कोण सांगीन?" तिनं आबांकडं बोट केलं. "आबा तं सगळ्यालेच मस्त म्हणते."

कांताबाईनं जावयाकडं बघितलं, आणि दहा वर्षांत पहिल्यांदाच त्या बघण्यात गाडी वळवल्याचा राग नव्हता. तिनं एक एक फ्रॉक पिशवीतून काढून कपाटात ठेवला. ठेवताना घडी नीट केली.

"आज काय करनार होते?" तिनं विचारलं.

"डाळभाजी," धम्मरत्न म्हणाला. "भाकर. भात."

"मंग बसले काय? उठा. मले भूक लागली. एसटीतून आली तशी तुमच्या पोट्टीले तोलूनच राह्यली."

तो उठला. पालक निवडला, डाळ धुतली, कुकर लावला. कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात पाय पसरून त्याच्या हातांकडं बघत बसली. आपल्या कापसाची प्रतवारी होताना शेतकरी कसा उभा असतो, ते धम्मरत्नला त्या अर्ध्या तासात पुरतं कळलं. मीठ मात्र तो विसरला नाही. लसणाची फोडणी डाळभाजीवर पडली तेव्हा पलीकडून सुहासिनीताईंनी वास घेतल्याचं कळवलं.

तिघं जेवायला बसले, धम्मरत्न वाढायला उभा राहिला. कांताबाईनं भाकर मोडली, डाळभाजीत बुडवली, खाल्ली. पुन्हा मोडली. दीपा आजीच्या तोंडाकडं बघत जेवत होती, आणि बघता बघता आपली भाकर संपवून तिनं अर्धी आणखी मागितली. तेवढ्यात फोन वाजला. आठ वाजले होते. धम्मरत्न हातातली पळी ठेवायच्या आत कांताबाईनं डाव्या हातानं फोन उचलला.

"हो, मीच हाय. आजच आली... पोट्टी? पोट्टी ठीक हाय. मी सोता काट्यावर तोलली, जराबी नाई घटली." तिनं एक घास गिळला. "जवाई करते न. जेवून राह्यलो आमी... हो, त्यायनंच केलं. नाई वं बाई, मी नाई नेत तिले कुठं. बापाजवळ हाय लेकरू, तू कायले घोर करते? तू तिकडचे लोक पाह्य." मग जरा थांबून, "भाकर थोडी जाडी करते. शिकन."

धम्मरत्नच्या छातीवरचा महिन्याभराचा भार उतरला. त्याला रडू आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही, कारण बघायला कोणाला सवड नव्हती. सगळे जेवत होते. दोन महिने रोज रात्री त्यानं या ताटांकडं धास्तीनं बघितलं होतं. आज नुसतं बघत राहावंसं वाटलं. फोन झाला, आबांनी भात मागून घेतला, दीपानं डाळभाजीचं पातेलं पुसून खाल्लं, आणि कांताबाईनं न विचारता शेवटची भाकर उचलली.

हात धुऊन मंडळी ओसरीत गेली तेव्हा धम्मरत्नच्या ध्यानात आलं की वाढता वाढता आपलं जेवायचं राहूनच गेलं, आणि महिन्याभरात पहिल्यांदा आपल्याला सडकून भूक लागली आहे. त्यानं पातेल्याचं झाकण काढलं. पातेलं रिकामं होतं. भाताचं भांडं रिकामं, भाकरीची टोपली रिकामी. ममता गेल्यापासून या घरात असं एकदाही झालं नव्हतं. ओसरीतून दीपाच्या हसण्याचा आवाज येत होता. मग त्यानं गॅस पेटवला आणि स्वतःपुरते मूठभर तांदूळ धुवायला घेतले.